दारातून येणारी सात माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

२३ ऑक्टोबर २०२२. बीजिंगच्या ‘ग्रेट हॉल ऑफ द पीपल’मध्ये एक दार उघडलं आणि गडद सूट घातलेली सात माणसं एकामागोमाग बाहेर आली. चिनी कम्युनिस्ट पक्षाची नवी स्थायी समिती, म्हणजे देश चालवणारं सर्वोच्च मंडळ. कोण कितव्या क्रमांकावर चालतो, यावरून तिथं मान ठरतो. २००७ साली अशाच रांगेत शी जिनपिंग सहावे होते आणि पुढे पंतप्रधान झालेले ली केकियांग सातवे, दोघेही पन्नाशीतले. पुढची गादी कुणाची, हे त्याच दिवशी कळलं होतं. २०२२च्या रांगेत मात्र वारस दिसलाच नाही. सातांमधले सर्वात तरुण डिंग श्वेशियांग, तेही साठीचे!

वारस नेमणं चीनमध्ये कधीच सोपं नव्हतं. माओंचे एकेकाळचे वारस लिउ शाओची १९६९ साली कैदेत मेले. त्याच वर्षी लिन बियाओंचं नाव वारस म्हणून थेट पक्षाच्या घटनेत लिहिलं गेलं. दोन वर्षांत त्यांचं विमान मंगोलियात कोसळलं. हे सगळं पाहिलेल्या आणि माओंनंतर सत्ता हाती आलेल्या डेंग शियाओपिंग यांच्या काळात, १९८२च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाला लागोपाठ दोनच कार्यकाळांची मर्यादा आली. डेंगनाही पक्षाचे आपलेच दोन सरचिटणीस, म्हणजे पक्षप्रमुख, दूर करावे लागले, पण पुढे २००२ आणि २०१२ साली सत्ता रक्त न सांडता पुढच्यांच्या हाती गेली. मला ही फार मोठी कमाई वाटते.

मार्च २०१८मध्ये चीनच्या संसदेनं राष्ट्राध्यक्षपदाची ती मर्यादा काढून टाकली. बाजूनं २,९५८ मतं, विरोधात दोन. खरी सत्ता सरचिटणीसपदात असते आणि त्या पदाला अशी मर्यादा नव्हतीच, हे खरं. पण वरून खाली जायचा तो संदेश गेला.

त्याचा परिणाम धोरणावर होतो. ‘शून्य कोविड’चं, म्हणजे एकही रुग्ण राहू नये म्हणून कडक निर्बंध लादण्याच्या धोरणाचं, उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२२च्या पक्षाच्या महाधिवेशनात त्याचं कौतुक झालं, नोव्हेंबरअखेर लोक निषेध म्हणून कोरे कागद हातात धरून रस्त्यावर आले, आणि डिसेंबरात बहुतेक निर्बंध एकदम उठले. मग आजाराची लाट आली आणि दवाखाने भरून गेले. एकाच माणसाचा शब्द प्रमाण असला की चूक वेळेत सांगायला कुणी धजत नाही, आणि किंमत मोजतात ती घराघरातली म्हातारी माणसं. लडाखच्या सीमेवर ज्यांची मुलं उभी आहेत, त्या आपल्या घरांनाही म्हणूनच या प्रश्नाशी देणंघेणं आहे.

पुढचं महाधिवेशन २०२७चं. शी तेव्हा ७४ वर्षांचे असतील. ते दार पुन्हा उघडेल तेव्हा पहिल्या माणसाकडे नंतर पाहा. आधी पाहा, रांगेत कुणी पन्नाशीतला आहे का.

नमस्कार.