हाकेला पोचणारं नाव : नाशिकच्या मातीतली कुत्र्यांची नावं

(दृश्य : निफाड तालुका. दिवस मावळतोय. उसाच्या कडेची पायवाट, लांबवर वस्तीवरचा एक दिवा.)

तिन्हीसांज झाली की उसाच्या पट्ट्यातल्या वस्त्यांवर एक काम न चुकता होतं. कुत्र्याला हाक मारून आत घेतलं जातं. गोदावरी, दारणा, कादवा यांच्या काठाने ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, तेव्हा सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने 39 टक्के. कुत्र्याचं नाव इथे या हाकेसाठी लागतं. दोनशे पावलांवरून ते ऐकू गेलं पाहिजे, आणि ऐकल्याबरोबर कुत्र्याने वळलं पाहिजे.

नाशिक जिल्ह्याकडे नावांची कमी नाही. नद्या, गड, पिकं, पाखरं, नाणी, सगळं आहे. पण नकाशावरचं चांगलं नाव हाकेत चांगलं ठरेलच असं नाही. ते कसं पारखायचं, ते बघू.

आधी आवाज. आ, ओ, ई हे दीर्घ स्वर लांब जातात. म, न, ड, प यांवर संपणारं नाव तोंडातच मिटतं. सुरुवातीला क, ट, च, स, श असेल तर कान लवकर उभे राहतात, कारण या व्यंजनांत उंच पट्टीचा आवाज भरपूर असतो. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे 45 हजारांपर्यंत. नाव दोन ठोक्यांचं, म्हणजे बोलताना दोन तुकड्यांत येणारं असावं. एका ठोक्याचं नाव बोलण्याच्या ओघात हरवतं. चार ठोक्यांचं असेल, तर घरातला प्रत्येकजण ते आपापल्या पद्धतीने तोडतो आणि कुत्र्याला चार नावं पडतात.

(दृश्य : गावातला पार. कानामागे खाजवणारा तांबूस गावठी कुत्रा.)

आता जुनी नावं आठवून बघा. मोत्या, वाघ्या, खंड्या, काळ्या, तांब्या, कबऱ्या. सगळी ‘या’वर संपतात. ‘या’ म्हणताना जीभ वर जाऊन सुटते आणि तोंड पुरतं उघडतं. वाघ्याऽऽ, शेवट हवा तेवढा ओढा, वाऱ्यावर जातो. पिढ्यान्‌पिढ्या रानातून हाका मारून मारून घडलेला हा शेवट आहे. म्हणून नवं नाव सुचलं की त्याला आधी ‘या’ जोडून बघा. तुम्ही नाही जोडलात तरी गल्लीतली पोरं आठ दिवसांत जोडणारच. साल्हेर हा 1567 मीटरचा, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. नाव म्हणून भारदस्त आहे. पण हाकेत त्याचं ‘साल्या’ होतं, आणि बाजारात तसं ओरडलं की पुढे चालणारा माणूस मागे वळतो. हे नाव सोडलेलं बरं.

दुसरी पारख, घरातले रोजचे शब्द. शब्दातल्या एखाद्या अक्षराचा फरक कुत्रा फारसा धरत नाही. त्याला सूर आणि शब्दाचा साधारण आकार कळतो. नद्यांची नावं इथेच अडकतात. दारणा कानाला गोड आहे, पण ‘दार लाव’, ‘दारात कोण आहे’ हे घरात दिवसभर चालू असतं आणि कुत्रा दर वेळी मान वर करतो. महिन्याभरात तो मान वर करायचं सोडतो, आणि मग खऱ्या हाकेलाही उठत नाही. गिरणाचं तसंच, ‘गिरणीत जाऊन ये’ आहेच. मोसम मालेगावची नदी, पण शेवटचा म मिटतो. दिंडोरी-निफाडातून येऊन नांदूर मधमेश्वरला गोदावरीला मिळणारी कादवा मात्र खणखणीत आहे. क ने सुरुवात, आ ने शेवट, आणि घरात या आवाजाचा दुसरा शब्द सहसा नसतो. नद्यांमधून एक नाव उचलायचं तर आमची पसंती कादवाला.

गोदा? ओ आणि आ, दोन्ही स्वर उघडे. हाक म्हणून याहून सोपं नाव शोधून सापडणार नाही. पण रामकुंडावर रोज जिची आरती होते तिचं हे नाव. पंचवटीत राहत असाल तर शेजाऱ्यांचं मन आधी बघा. कुत्र्यावर ओरडायची वेळ येते, तेव्हा नाव घेऊनच ओरडलं जातं. ज्या नावाला देवघरात हात जोडले जातात, ते अंगणात रागाने घेतलं की कुणाला तरी लागतं.

(दृश्य : पेठ तालुक्यातलं अंगण. सुपात नागली, दुसऱ्या सुपात वरई. शेजारी लालसर पिल्लू.)

रंगावरून नाव ठेवायची रीत जुनी आहे, आणि त्यासाठी नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात सुंदर शब्द आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक इकडची नागली, म्हणजे नाचणी, हातात घेऊन बघा. विटकरीकडे झुकणारा तिचा लालसर तपकिरी रंग हा बऱ्याच गावठी पिल्लांचा नेमका रंग. फिकट बदामी पिल्लाला वरई. काळ्या कुळकुळीत पिल्लाला खुरासणी, या काळ्या तेलबीचं नाव, हाकेत खुरी. पावसाळा सरता सरता गडांवर पिवळी सोनकी फुलते, पिवळट कुत्रीला तिच्यासारखं नाव नाही.

या नावांचा शिकवण्याच्या शब्दांशी मात्र मेळ घालावा लागतो. नागली आणि ‘नाही’, दोन्ही ‘ना’ने सुरू होतात. नाव नागली ठेवलं तर अडवायला ‘नाही’ऐवजी ‘अंहं’ वापरा. सोनकी ठेवलं तर तोंडातली वस्तू टाकायला ‘सोड’ नको, ‘टाक’ म्हणा.

सगळ्यात मोठी फसगत होते ती तांब्यामुळे. नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव, भांडीबाजार आणि तांबट लेन आजही आहेत. तांबूस कुत्र्याला तांब्या हे नाव इथे चपखल बसतं. पण रस्ता ओलांडताना त्याला थांबवायचं असतं तेव्हा तोंडातून काय निघतं? ‘थांब!’ घाईत, लांबून, गाड्यांच्या आवाजात ‘थांब’ आणि ‘तांब्या’ जवळजवळ एकच. नाव ऐकलं की यायचं, हे त्याला शिकवलेलं असतं. तो निम्म्या रस्त्यातून तुमच्याकडे पळत सुटतो. तांब्या नाव ठेवायचंच असेल तर थांबायला ‘उभा’ हा शब्द पहिल्या दिवसापासून लावा, आणि तो घरातल्या सगळ्यांच्या तोंडात बसवा.

(दृश्य : लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉल्या. मग द्राक्षबाग, घड जवळून.)

कांदा आणि द्राक्ष या नाशिकच्या दोन ओळखी. नावं दोन्हींतून निघतात. पोळ, रांगडा, उन्हाळ असे कांद्याचे हंगाम शेतकऱ्याच्या तोंडी असतात. उशिरा खरिपाचा तो रांगडा, आणि थोराड, हाडापेराने मजबूत कुत्र्याला रांगड्या शोभूनही दिसतं. द्राक्षाच्या माणिक चमन या जातीतून माणिक घ्या, हाकेत माण्या. मनुका हे छोट्या काळ्या पिल्लाला लागू पडतं.

पण नावापलीकडे ही दोन्ही पिकं कुत्र्याजवळ येऊ देऊ नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ले तर चालतील असा सुरक्षित आकडा नाही. एकाला मूठभर पचतात, दुसरा थोड्याशांनी आजारी पडतो. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या, मग मलूलपणा, मग लघवी कमी. उलटीची वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं. कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्चा, शिजलेला, तळलेला, सुकवलेला, कुठलाही. त्याची लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, हिरड्या फिकट आणि लघवी तांबूस, तोवर काय खाल्लं होतं ते घरातले विसरलेले असतात. मिसळीचा रस्सा, भेळ, तळलेला कांदा घातलेला चिवडा, यातलं काहीही बक्षीस म्हणून देऊ नका. बागेत काम चालू असेल तर गळालेल्या मण्यांत कुत्रा मोकळा सोडू नका.

पाखरांची नावं झटपट. नांदूर मधमेश्वर हे रामसर या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. तिथला खंड्या तर पाखरूही आहे आणि जुनं कुत्र्याचं नावही. टिटवी बडबड्या कुत्रीला, हाकेत टिटू. येवल्याच्या पैठणीच्या काठावरचा पोपट म्हणजे मुनिया, हेही नाव गोड आहे. चांदवडच्या जुन्या टाकसाळीतल्या चांदवडी रुपयाच्या मुलखात बुटक्या पिल्लाला दमडी म्हणावं. ओझरला मिग विमानं बनली, तिथल्या वेगवान कुत्र्याला मिग्या.

(दृश्य : सातमाळ रांग. मार्कंड्याच्या पलीकडचं पठार, त्यावर दोन माथे.)

आता गड. नाशिकच्या डोंगरांना जोड्यांची आवड आहे. मनमाडजवळ एका खिंडीने जोडलेले अंकाई-टंकाई. सातमाळेत एकाच पठारावर रवळ्या-जवळ्या. बागलाणात साल्हेर-सालोटा. एका वेताची दोन पिल्लं घरात आली की कुणालाही रवळ्या-जवळ्या सुचेल, आणि नावं आयती ‘या’वर संपणारी.

तरी इथे थांबा. दोन्हींचा शेवट एक, ठोके तेवढेच, चाल तीच. वेगळं आहे ते फक्त पहिलं अक्षर, आणि तेच लांबून आधी पुसलं जातं. रवळ्याला हाक मारली की दोघं येतात. सुरुवातीला मजा वाटते. मग एकाला बोलावून घास दिला की दुसरा उपाशी परत जातो. असं रोज झालं की दुसऱ्याला हाकेचं मोल राहत नाही, आणि काही दिवसांनी एकही येत नाही. अंकाई-टंकाईचं तेच. जोडी राखायचीच असेल तर हाकेची नावं लांब न्या. एकाला रवळ्या, दुसऱ्याला जवाहिर म्हणून जवू. किंवा अंकी आणि टंक्या. पहिलं अक्षर, स्वर आणि शेवट, या तिन्हींतल्या दोन गोष्टी तरी वेगळ्या हव्यात. शेंडीसारख्या सुळक्याचा धोडप एकट्या मोठ्या कुत्र्याला चालतो, धोड्या. मांगी-तुंगी हे जैनांचं तीर्थ, ते राहू द्यावं.

देवांबद्दलही तेवढीच काळजी. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांना चार वेद मानतात. भैरवाचं वाहनच श्वान. मालेगाव तालुक्यातलं चंदनपुरी हे खंडोबाच्या दुसऱ्या बायकोचं, बाणाईचं गाव, आणि खंडोबाचा वाघ्या, म्हणजे त्याला वाहिलेला भक्त, स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून कोटंब्यात, म्हणजे लाकडी पात्रात, प्रसाद घेतो. म्हणून वाघ्या या नावाला कुणी हरकत घेत नाही. पण बाणाई, भैरव, दत्त ही नावं कुत्र्याला नकोत. पुराणातलंच हवं असेल तर ऋग्वेदातली इंद्राची कुत्री सरमा घ्या, ती तर चोरीला गेलेल्या गायी शोधायला गेली होती. शेजारी कुणी शर्मा राहत नाहीत ना, एवढं बघा. ठिपक्याठिपक्यांच्या कुत्र्याला यमाच्या कुत्र्याचं शबल. हाकेत शब्या.

(दृश्य : घरातली शांत खोली. पिल्लू, आणि वाटीत उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे.)

नाव ठरलं की शिकवणं. पहिले तीन-चार दिवस बंद खोलीत, जेवणाआधी, भूक असताना. उकडलेल्या अंड्याचे किंवा चिकनचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे दहा तुकडे घ्या. पिल्लाचं लक्ष दुसरीकडे असताना नाव एकदा घ्या. मान वळली की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि तुकडा. दहा वेळा झालं की बस. तीन-चार मिनिटांची अशी बैठक दिवसातून तीनदा. मग अंगण, मग गल्ली, मग पाच मीटर दोरी लावून मोकळी जागा. दहापैकी आठ वेळा मान वळली तरच पुढची जागा.

मान वळली नाही तर नाव पुन्हा घेऊ नका. टाळी वाजवा, ओठांनी चुचकारा, बघितलं की तुकडा द्या. ‘कादवा, कादवा, कादवा’ असं म्हणत राहिलं की पिल्लू तिसऱ्या हाकेलाच वळायचं शिकतं. दुसरी चूक रागावताना नाव घेण्याची. तिसरी, नाव घेऊन बोलावायचं आणि लगेच आंघोळ किंवा इंजेक्शन. त्या कामांसाठी हाक न मारता जवळ जाऊन उचलून आणा.

(दृश्य : चांदीची जुनी नाणी, जवळून.)

मोठं कुत्रं दत्तक घेतलं आणि त्याला जुनं नाव असेल तर? सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला 1906 साली चांदीच्या 13 हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपान या क्षत्रप राजाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. खाली जुनी मुद्रा अजून ओळखू येते. कुत्र्याचं नावही असंच बदलतं, जुन्यावर नवं ठोकून. आधी नवं नाव, लगेच मागून जुनं, मग तुकडा. नवं आधी घ्यायचं कारण साधं आहे. जुनं त्याला कळतंच, त्याच्या आधी काय येतं इकडे तो कान लावू लागतो. आठवड्याने जुनं नाव हळू आवाजात घ्या, मग गाळत जा. नुसत्या नव्या नावाला मान वळू लागली की लसीकरणाच्या कार्डावर तेच लिहून घ्या. पट्ट्याच्या बिल्ल्यावर मात्र नावाआधी तुमचा फोन नंबर.

(दृश्य : पुन्हा निफाडची पायवाट. अंधार पडलाय. उसाच्या कडेने एक सावली वस्तीकडे पळत येते. आवाज : ‘नागलीऽऽ’)