वाऱ्याला वळसा घालून घरी

मंडळी, आज एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. दोघंही सत्तरीच्या आसपासची. बरेच हंगाम हवाई बेटांवर काढून आता आपल्या छोट्या शिडाच्या नौकेनं घरी, सॅन फ्रान्सिस्कोला निघालेली. यापुढे इतका लांबचा पल्ला मारायचा नाही, हे दोघांनी आधीच ठरवलंय. अशा प्रवासात लोक पराक्रम शोधतात. २०२२ साली जपानी नाविक केनइची होरिए वयाच्या ८३व्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोहून एकट्यानं पॅसिफिक ओलांडून जपानला पोचले. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण आपल्या या दोघांना तारणार आहे ती वेळेआधी निर्णय घेण्याची सवय, आणि परतीच्या वाटेवर तिचा कस जास्त लागतो.

बेटांकडे जाताना ईशान्येचे व्यापारी वारे बराच काळ पाठीशी असतात. परतताना तेच समोरून येतात. होनोलुलूपासून सॅन फ्रान्सिस्को सरळ रेषेत सुमारे २,१०० सागरी मैल. पण शिडावर सरळ येता येत नाही. उन्हाळ्यात वाटेत उत्तर पॅसिफिकचा जास्त वायुभाराचा भलामोठा प्रदेश ठाण मांडून असतो. त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात आणि त्याच्या पोटात वारा पडलेला असतो. म्हणून आधी उत्तरेला चढायचं, अडतीस-चाळीस अक्षांशांच्या आसपास पोचायचं, पश्चिमेचा वारा हाती लागला की मगच पूर्वेला वळायचं. घर ईशान्येला आणि नौकेचं नाक उत्तरेला, असे कितीतरी दिवस जातात.

त्या दिवसांत वारा उजवीकडून येतो आणि नौका सतत डावीकडे कललेली असते. स्वयंपाक, कपडे बदलणं, शौचाला जाणं, सगळं उतारावर. तरुणपणी आपटलं तर काळंनिळं होऊन भागतं, या वयात मनगट किंवा खुबा जातो. म्हणून आत, खाली, हात पोचेल तिथे धरायच्या मुठी बसवून घ्याव्यात, आणि उकळतं पाणी ओतणाऱ्यानं आधी कमरेला आधाराचा पट्टा बांधावा.

आता वळायचं कधी? वायुभारमापकावरचा आकडा चढतोय आणि वारा मंदावतोय, म्हणजे वळण फार लवकर घेतलं. अशा वेळी इंजिन सुरू करावंसं वाटतं. पण छोट्या नौकेत डिझेल काहीशे मैलांपुरतंच मावतं, आणि ते किनाऱ्याजवळ लागणार असतं. शिवाय त्या निवांत पाण्यात कचरा साचतो. १९९७ साली अमेरिकी नाविक चार्ल्स मूर हवाईची शर्यत संपवून घरी परतताना याच भागातून गेले आणि तिथलं तरंगतं प्लास्टिक त्यांनी जगापुढे आणलं. त्यात मासेमारीची तुटकी जाळी असतात. एखादं नौकेच्या इंजिनाच्या पंख्यात अडकलं तर ते कापायला पाण्यात कोण उतरणार? सत्तरीतल्या माणसानं हा प्रश्न आधीच टाळावा. दोन दिवस जास्त लागले तरी चालतील, उत्तरेला आणखी वर चढावं.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते दोघांच्या पाळ्यांबद्दल. सागरी टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम म्हणतो, नजर अखंड ठेवा. वाऱ्यावर चालणारं स्वयंचलित सुकाणू नौका हाकतं. पहारा मात्र माणसानंच द्यायचा. दोघांत चोवीस तास वाटले की सलग झोप तीन-चार तासांची मिळते, आणि ती मोडली की दुसऱ्या दिवशी चुकीच्या दोराला हात जातो. म्हणून अंधार पडण्याआधीच शीड आखडून घ्यावं, वारा बरा वाटत असला तरीही. वेग थोडा जाईल, पण मध्यरात्री झोपलेल्याला उठवावं लागणार नाही. आणि जोडीदार झोपलेला असताना पहाऱ्यावरच्यानं सुकाणूची जागा सोडून पुढे जायचंच नाही. तिसरा माणूस सोबत घ्यावा का? माझ्या मते दोघांपैकी एकाचंही मन कचरत असेल तर जरूर घ्यावा. प्रवास दोघांचा राहतोच.

बहुतेक जोडप्यांत कामं वाटलेली असतात. एकाला इंजिन आणि रेडिओ कळतो, दुसऱ्याला हवामान, शिधा, औषधं. ही वाटणी भर समुद्रात अंगाशी येऊ शकते, कारण तिथे किनाऱ्यावरचं हेलिकॉप्टर पोचत नाही. अमेरिकी तटरक्षक दलानं १९५८ साली सुरू केलेल्या ॲमव्हर व्यवस्थेतून जवळचं मालवाहू जहाज वळवलं जातं, पण ते यायलाही वेळ लागतो. तोवर एकट्यानं निभवायचं. हवाईतल्या काउआई बेटाच्या हनलेई उपसागरात नांगरावर असतानाच तालीम करावी: जोडीदार पाण्यात पडला तर शीड चढवायच्या दोरानं आणि विंचनं, म्हणजे दोर ओढायच्या हातरहाटानं, त्याला वर घेता येतं का? तिनं त्याला आणि त्यानं तिला, दोघांनी करून पाहावं. पंचावन्न किलोची बाई नव्वद किलोच्या माणसाला नुसत्या हातानं उचलू शकत नाही. विंच योग्य कोनात लावलं तर उचलते.

शेवटचे दिवस थंडीचे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत वायव्येचा वारा पृष्ठभागाचं पाणी बाहेर लोटतो, खालचं गार पाणी वर येतं आणि त्यावर दाट धुकं धरतं. जहाजांची वर्दळ नेमकी तिथेच. मग फॅरालॉन बेटं आणि पुढे गोल्डन गेट, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराचं अरुंद मुख. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समुद्राकडून लाटा येत असतील तर मुखाशी लाटा उंच आणि उभ्या होतात, विशेषतः उत्तरेकडच्या उथळ पट्ट्यावर. आत जायचं ते भरतीबरोबर आणि उजेडात. वेळ जुळली नाही तर बाहेर, वर्दळीपासून दूर, नौका थोपवून रात्र काढायची. तीन आठवड्यांच्या थकव्यानंतर, घर समोर असताना, हे फार जड जातं. म्हणून निघताना मुलांना पोचण्याची तारीख सांगू नये. धक्क्यावर माणसं वाट पाहतायत हे माहीत असलं की ओहोटीतही आत शिरावंसं वाटतं.