ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो? सरकारी आयटी कंत्राटांतली दुर्लक्षित पायरी

नमस्कार. सरकारी संकेतस्थळ कोलमडले तर दोष सरकारी खात्याचा की कंत्राटदार कंपनीचा, हा प्रश्न तुम्ही इतक्या वेळा विचारला आहे की आज त्यावरच बोलतो. निविदा, एल-वन (सर्वात कमी दराची बोली), कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे असे धरतो.

२०१७ साली मुंबई विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचे काम खासगी कंपनीकडे गेले, निकाल रखडले, आणि ऑक्टोबरमध्ये पद गेले ते कुलगुरूंचे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो: करारात काहीही लिहिलेले असो, कंपनीने तुमच्या वतीने हाताळलेल्या माहितीची जबाबदारी तुमचीच राहते.

आता हस्तांतरणाकडे, म्हणजे कंत्राट संपल्यावर यंत्रणा नव्या कंपनीकडे सोपवण्याकडे, येऊ, कारण माझा खरा राग तिथे आहे. मी आठ वर्षे कंत्राटदाराच्या बाजूने काम केले. चर्चगेटजवळच्या एका कार्यालयात ३१ मार्चला आमचे कंत्राट संपले आणि नव्या कंपनीची माणसे सर्व्हरसमोर बसली, तेव्हा अ‍ॅडमिन खात्याचा, म्हणजे सगळ्या यंत्रणेचा ताबा देणाऱ्या लॉगिनचा, ओटीपी दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिलेल्या आमच्या सहकाऱ्याच्या खासगी मोबाईलवर जात असल्याचे उघड झाले. तो विरार लोकलमध्ये उभा होता. चारच आकडे सांगून झाले आणि भाईंदरच्या खाडीवर फोन तुटला. आम्ही हसलो खरे, पण नागरिकांच्या नोंदींची किल्ली दोन वर्षे एका बाहेरच्या माणसाच्या खिशात होती.

‘आमच्या करारात एक्झिट मॅनेजमेंटचे कलम आहे’, म्हणजे कंपनीने जाताना सगळे कसे सोपवायचे याचे कलम, असे एका प्रेक्षकाने जरा ठसक्यात लिहिले आहे. साहेब, कलम आमच्याही करारात होते. त्यासोबतचे परिशिष्ट, जिथे सोर्स कोड (प्रणालीचा मूळ प्रोग्राम), डेटाबेस आणि पासवर्ड कोणी कोणाला कधी द्यायचे ते लिहायचे असते, ते कोरे होते.

अधिकाऱ्याच्या खुर्चीतून पाहा: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि त्यातले चार तास जर जुन्या अभियंत्याचा नंबर शोधण्यातच गेले तर कळवणार काय? कंपनीच्या बाजूने पाहा: किल्ली अडवून ठेवली की मुदतवाढ मिळते, असा हिशेब मी बैठकांत ऐकला आहे, आणि तो मला सरळसरळ अडवणूक वाटतो. अभियंता म्हणून पाहा: नोकरी सोडताना स्वतःचा नंबर त्या खात्यातून काढून घेणे आणि तसे लेखी कळवणे हे त्याचे व्यावसायिक कर्तव्यच आहे, मग वरिष्ठ ‘नंतर बघू’ म्हणोत. मीही तेव्हा गप्प बसलो होतो, हेही सांगतो.

म्हणून तुमच्या कार्यालयात उद्या एवढेच करा: अ‍ॅडमिन खात्यातून बाहेर पडा, पुन्हा आत शिरा आणि कोणाचा मोबाईल वाजतो ते पाहा.