खरेदीखत: सहीआधीचे वाचन आणि नोंदणीनंतरचा फेरफार

श्रोतेहो, नमस्कार.

जमिनीचा किंवा घराचा व्यवहार ठरला की घरात आधी पैशांची चर्चा होते, मग मुहूर्ताची होते, आणि ज्या कागदाने ती मिळकत एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते त्या खरेदीखताचा मजकूर मात्र पुष्कळदा सहीच्या दिवशीच पहिल्यांदा डोळ्यांखालून जातो. आज माझा आग्रह एकच आहे. दस्त सहीच्या आधी वाचा, मोठ्याने वाचा, आणि त्यातील मिळकतीचे वर्णन प्रत्यक्ष जागेवर उभे राहून वाचा.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये आणि त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार होय. पूर्ण रक्कम दिली तरी केवळ त्या कराराने मालकी येत नाही. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, घेऊन जमीन आपली झाली असे मानणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा सूरज लॅम्प प्रकरणातील निकाल लक्षात ठेवावा. अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट सांगितले आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकांपुढे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे, सादर करावा लागतो. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी दर तक्त्याप्रमाणे येणारे बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर भरावे लागते. शुल्क वाचवण्यासाठी दस्तात कमी किंमत लिहू नये, असे माझे ठाम मत आहे; उद्या व्यवहार मोडला आणि न्यायालयात पैसे परत मागण्याची वेळ आली, तर दस्तात न लिहिलेली रक्कम दिली होती हे सिद्ध करणे फार कठीण जाते.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. दुय्यम निबंधक सही करणाऱ्यांची ओळख पटवतात, सही आपलीच असल्याची कबुली घेतात, छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतात. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याची हमी ते देत नाहीत. ती चौकशी आपण करायची असते. वकिलाकडून निदान मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध त्यासाठीच घेतात.

आता मला एका आजींची हकिगत सांगायची आहे. दस्त हाताने लिहिले जात त्या काळातील ही गोष्ट आहे. एका तालुक्याच्या गावी, नोंदणी कार्यालयाच्या ओसरीवर मी दुसऱ्या एका दस्तासाठी बसलो होतो. शेजारी एका शेतजमिनीचा व्यवहार चालला होता. गटातील एक हेक्टर विकायचे होते आणि सातबाऱ्यावर आजींचे, त्यांच्या मुलाचे व दोन मुलींची नावे असल्यामुळे चौघेही आले होते. दस्तलेखकाने शाईची डबी पुढे केली आणि आजींचा अंगठा धरला. आजींनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, “आधी वाच. समदं वाच.”

मुलगा संकोचला, दस्तलेखकाने घड्याळाकडे पाहिले, परंतु आजी हलल्या नाहीत. अखेर वाचन सुरू झाले. लिहून देणार म्हणजे विकणारे, लिहून घेणार म्हणजे विकत घेणारे, गट क्रमांक, क्षेत्र, आकार म्हणजे जमिनीचा सारा, हे सगळे झाले आणि चतुःसीमा आल्या. पूर्वेस पाणंद, उत्तरेस ओढा, दक्षिणेस शेजारचा गट, पश्चिमेस लिहून देणार यांचे उर्वरित क्षेत्र. आजींनी तिथेच थांबवले. “आमचं उरल्यालं कुठनं सुरू हुतं? हिरीच्या अलीकडनं का पलीकडनं?”

ओसरीवर कोणालाच उत्तर देता आले नाही. मुलगा ठामपणे म्हणाला की विहीर आमच्याकडेच राहणार आहे. घेणारे गृहस्थ, जे अत्यंत सरळ होते, तितक्याच ठामपणे म्हणाले की विहीर धरूनच त्यांनी भाव मान्य केला होता. एकाच किमतीला, एकाच कागदावर, दोन घरे दोन निरनिराळ्या समजुतींनी सही करणार होती, आणि त्यांत कोणाच्याही मनात कपट नव्हते. आजींनी फरशीवर बोटाने शेत काढून दाखवले: पाणंदीपासून विहिरीपर्यंत हेक्टर भरत नाही, ते भरायला विहीर ओलांडूनच जावे लागते. गावात कोणी मोजणी केलेली नव्हती. आजींनी ते रान आयुष्यभर पायांनी मोजले होते.

तो दस्त तसाच नोंदवला गेला असता तर काय झाले असते? याच १८८२ च्या अधिनियमाचे कलम ८ सांगते की वेगळा हेतू स्पष्ट नसेल, तर जमिनीबरोबर तिला जडलेल्या वस्तू आणि तिच्याशी निगडित वहिवाटीचे हक्कही जातात. विहीर विकलेल्या हेक्टरात आली असती, तर दस्त गप्प असल्यामुळे ती जमिनीबरोबर गेली असती आणि आजींचे उरलेले रान कोरडे पडले असते.

सही त्या दिवशी झाली नाही. आधी सरकारी मोजणी झाली, हद्दीच्या खुणा कायम झाल्या, आणि मग नवा दस्त लिहिला गेला. त्यात विहीर सामाईक ठेवली, पाण्याच्या पाळ्या ठरवल्या, पाइपलाइन कोणत्या बांधाने न्यायची आणि विहिरीपर्यंत जाण्याची वाट किती फूट रुंद हेही लिहिले, आणि किंमतही समजुतीने थोडी बदलली. आजींनी तोही दस्त पुन्हा वाचून घेतला आणि मगच अंगठा दिला.

त्या दोन मुलींनाही प्रत्येक वाक्य ऐकायला मिळाले, याचे मला आजही समाधान वाटते. हक्कसोडपत्राच्या वेळी बहिणींना माहेरी जेवायला बोलावून, कागद न वाचता सह्या घेण्याची जी रीत अनेक घरांत आहे, ती अन्यायाची आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. तो सोडायचा की ठेवायचा, हे तिने दस्त ऐकून, समजून ठरवावे.

तेव्हा पुन्हा सांगतो: सहीच्या आधी वाचा आणि चतुःसीमा जागेवर ताडून पाहा. नोंदणीनंतर चूक सापडली, तर चूक दुरुस्ती दस्त करता येतो, परंतु त्यासाठी दोन्ही बाजूंनी पुन्हा यावे लागते. समोरचा आला नाही, तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो.

नोंदणी झाली, सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याची, प्रत हाती आली, म्हणजे काम संपले असेही समजू नये. शेतजमिनीचा फेरफार, म्हणजे महसूल दप्तरातील हक्कबदलाची नोंद, धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आता नोंदणी कार्यालयातून ही माहिती संगणकावरून महसूल खात्याकडे जाते. तरीही पंधरा दिवस उलटल्यावर सातबारा काढून आपले नाव, क्षेत्र आणि इतर हक्कांचा रकाना स्वतः तपासावा. विहिरीच्या पाण्याचा किंवा वाटेचा हक्क दस्तात असेल आणि त्या रकान्यात दिसत नसेल, तर दस्ताची प्रत जोडून तलाठी कार्यालयात, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

नमस्कार.