श्वास स्वतः घेत असताना व्हेंटिलेटर कशासाठी?

नमस्कार. इंदूरमध्ये अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक, मग ते रामबागेतले असोत वा नारायणबागेतले, मला एक प्रश्न हमखास विचारतात: "बाबा स्वतः श्वास घेत आहेत ना, मग नळी कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे.

छाती हलणे आणि श्वसन पुरे पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या खाली गेला, किंवा कार्बन डायऑक्साइड साचून रक्त आम्लधर्मी होऊ लागले, म्हणजे श्वसन अपुरे पडत आहे. मिनिटाला ३५-४० वेळा धापा टाकणारा रुग्ण जोमाने श्वास घेतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, थकत चाललेले असते, आणि ते पूर्ण थकेपर्यंत थांबणे धोक्याचे असते.

व्हेंटिलेटरच्या साहाय्यक पद्धतीत रुग्णाने किंचित हवा ओढली की नळीतील दाब किंवा प्रवाह बदलतो, यंत्र तो बदल ओळखते आणि उरलेला श्वास पूर्ण करते. रुग्णाने ठरावीक वेळेत श्वास घेतलाच नाही, तर यंत्र आपणहून देते. जुनाट दम्यासारख्या सीओपीडीच्या रुग्णाला, तो शुद्धीवर असेल तर, बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, मास्क लावून पुष्कळदा नळी टाळता येते.

परिचारिका टेपने रुग्णाची उंची मोजताना पाहून अनेकांना नवल वाटते. फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, वजनावर नव्हे. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे हिशेबासाठीचे वजन ६६ किलो धरतात, मग तो प्रत्यक्षात ९५ किलोचा का असेना. एआरडीएस, म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरण्याचा गंभीर विकार, झालेल्या रुग्णांना दर श्वासाला या हिशेबी वजनाच्या किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाने दाखवले. जास्त हवा म्हणजे जास्त उपचार, ही समजूत मला म्हणूनच फार घातक वाटते.

यंत्र न्यूमोनिया बरा करत नाही. औषधांना वेळ मिळवून देते. मूळ आजार ओसरू लागला की गुंगीचे औषध कमी करून, अर्धा ते दोन तास अगदी थोड्या आधारावर रुग्णाला श्वास घेऊ देतात. त्या सुमारास तुम्हाला आत बोलावले, तर जवळ जाऊन सांगा की नळीमुळे आवाज फुटत नाही, घाबरू नका, नुसती मान हलवा.