पायाआधी हात बघा

पत्रिकेत माझा विषय 'बालकांचा कारक विकास व हालचालींचे विकार' असा छापलाय. तरीही एवढी माणसं आलीत, म्हणजे लातूरकर सोशिक आहेत. कारक विकास म्हणजे लेकरू मान कधी धरतं, पालथं कधी पडतं, बसतं कधी, चालतं कधी. समोर इतक्या आज्या बसल्यात, त्यांना मी हे काय सांगणार? माझी तक्रार वेगळी आहे. आपण सगळे लेकराच्या पायाकडं बघत बसतो. 'चालायलंय का?' शेजारीण हेच विचारते, मामा फोनवर हेच विचारतो आणि आमचे काही डॉक्टरही तेवढंच विचारून मोकळे होतात.

आता चालण्याचं वय किती सैल असावं? जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आपल्या दिल्लीची मुलंही होती. आधाराशिवाय चालायला कुणी आठव्या महिन्यानंतर लगेच लागलं, तर कुणी साडेसतरा महिने घेतले. शंभरातली चारेक तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. म्हणून नुसत्या चालण्यावर नजर ठेवली तर दीड वर्षं हातची जातात.

औशाकडच्या एक आजी नातवाला सर्दी झाली म्हणून घेऊन आल्या. पोरगं आठ महिन्यांचं, गुटगुटीत. आजीला सर्दीपेक्षा दुसरंच सांगायचं होतं. "साहेब, ह्यो डावखुरा हाय बगा. सचिनवानी!" मी म्हटलं, "माय, सचिन उजव्या हातानं खेळतो." दाराशी उभे असलेले आजोबा लगेच आत आले. "खेळतो उजव्यानं, पण सही डाव्यानं करतो!" आजोबांचं बरोबर होतं. बाहेर नंबर लावून बसलेल्यांपैकी दोघं या वादात पडले, आणि सौरव गांगुलीपर्यंत गाडी गेल्यावर मी दार लावून घेतलं.

मग किल्ल्यांचा जुडगा पोराच्या उजव्या बाजूला धरला. त्यानं डावा हात छातीवरून ओढून आणला आणि किल्ली पकडली. पुन्हा धरला, पुन्हा तसंच. डावा हात मी हलकेच धरून ठेवला, तर पोरगं रडलं, पण उजवा हात पुढं आला नाही. त्याची मूठ घट्ट, अंगठा आत. "कधीपासून असं?" "पयल्यापासूनच," आजी कौतुकानं म्हणाल्या. आधी एका दवाखान्यात आईनं हे दाखवलंही होतं. तिथं उत्तर मिळालं, 'वाट बघा, चालंल.'

आणि चाललंच असतं, गोम तिथंच आहे! वर्षाच्या आत लेकरू डावखुरं किंवा उजवं नसतंच. दोन्ही हात सारखे वापरतं. एकच हात पुढं येत असेल तर दुसऱ्याचं काय झालंय ते बघायचं. उजवा हात मागं राहिला तर दुखणं बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असतं. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, म्हणजे कोवळ्या मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडणं. अशी जवळपास सगळी मुलं चालतात, जरा उशिरा आणि टाच उचलून. मग चार वर्षांचं झाल्यावर कुणीतरी म्हणतं, इंजेक्शन चुकलं.

आपल्याकडं खापर फोडायला माणूस लागतं. इंजेक्शन देणारा सापडला नाही तर सून असतेच. १८६१ साली विल्यम लिटल या इंग्रज शल्यविशारदानं मांडलं, की हा आजार अवघड बाळंतपणातून येतो. पुढं त्याला विरोध कुणी करावा? फ्रॉइडनं! स्वप्नांचा अर्थ लावायच्या आधी तो व्हिएन्नात लहान मुलांचे लुळे हातपाय तपासायचा. १८९१ साली एका बाजूच्या अशाच लुळेपणावर त्यानं ऑस्कर री यांच्यासोबत ग्रंथही लिहिला. त्याचं म्हणणं, बाळंतपण अवघड जाणं हेच कधी कधी पोटात आधी झालेल्या बिघाडाचं लक्षण असेल. सासूबाईंनी एवढा फ्रॉइड वाचला तरी...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! पत्रिकेतला विषय आता उरकतो.

तीन-चार महिन्यांनंतरही मूठ उघडत नसेल, काखेत धरून उचलल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, तर दाखवा. आलेली हालचाल गेली, हसणारं लेकरू शून्यात बघायला लागलं, अंगावर पिणारं, फिकट, बोटांची पेरं काळवंडलेली आणि हात थरथरतात, तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा, आईचंही. माळकरी घरांत हे विशेष लक्षात ठेवा. औषध स्वस्त आहे, उशीर महाग पडतो.

जन्मानंतरची कावीळ वाढली तर कोवळ्या उन्हावर आणि माळेवर भागवू नका. ती मेंदूत उतरली की आयुष्यभर हातपाय आपोआप वळवळत राहतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ऊसतोडीला गेलेल्यांचं लेकरू त्यातल्या एका वेळी कारखान्यावरच्या कोपीत असतं. अंगणवाडीताई, त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा आणि टोळी परतली की लेकरू जिल्ह्याच्या डीईआयसीत, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात, पाठवा.

एका हाताचं दुखणं लवकर सापडलं तर फिजिओथेरपिस्ट चांगल्या हातावर रोज थोडा वेळ मोजा चढवायला सांगतात, म्हणजे मागं राहिलेल्या हाताला काम करावंच लागतं. औशाच्या आजी तो मोजा स्वतः विणून घेऊन आल्या होत्या, सचिनच्या निळ्या रंगाचा.

वॉकरचं राहिलंच. कॅनडानं २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडं तो आजोळहून येतो. त्यानं चालणं लवकर येत नाही, जिन्यावरून पडणं तेवढं लवकर येतं. पावती असेल तर उद्याच परत करा.