आतल्या बाजूची पाटी

श्रोतेहो, नमस्कार.

चीनमधल्या हांगझौ शहरात एक औषधांचं दुकान आहे, हू छिंग-यू थांग. आज मी त्याच दुकानाविषयी बोलणार आहे. हांगझौ म्हटलं की लोक पश्चिम सरोवर बघायला जातात. मीही त्यासाठीच गेले होते. पण तिथून जवळच, वूशान टेकडीच्या पायथ्याशी, जुन्या बाजारपेठेत ही वास्तू उभी आहे, आणि माझा सगळा दिवस तिथेच गेला.

आधी दिसते ती भिंत. चुन्यानं पांढरीशुभ्र, तीन मजली घराएवढी उंच, आणि तिच्यावर सात प्रचंड काळी अक्षरं: दुकानाचं नाव. एकेक अक्षर माणसाच्या दुपटीहून मोठं. एवढ्या उंच भिंती आगीपासून बचावासाठी बांधायचे. शेजारच्या लाकडी घरांना आग लागली तर ती अलीकडे येऊ नये म्हणून. आत शिरलं की मात्र सगळं लाकूडकाम. कोरलेल्या तुळया, टांगलेले कंदील, आणि एक लांब पडवी, जिच्या भिंतीवर औषधांच्या नावांच्या पाट्या ओळीनं लावल्यात. टेकडीच्या कुशीत विसावलेल्या करकोच्यासारखी या वास्तूची रचना आहे असं सांगतात. दार म्हणजे त्याचं डोकं आणि ही पडवी म्हणजे मान.

आणि वास! श्रोतेहो, पुण्यात रविवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानासमोरून गेलात तर ज्येष्ठमध, सुंठ, वावडिंग असा एकत्र वास येतो ना, तसाच. फक्त जरा जास्त कडसर, आणि त्यात कापराची छटा. परक्या देशात तो वास आला आणि मी एकदम घरी पोचले.

दुकानाचा मालक हू श्वेयेन. जन्म 1823 चा. गरीब घरातला मुलगा. एका पेढीत उमेदवारी करत वर चढला आणि पुढे स्वतःच्या पेढ्यांचं जाळं उभारलं. सेनापती झ्वो झोंगथांग यांच्या मोहिमांना त्यानं पैसा आणि रसद पुरवली, म्हणून दरबारानं त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याची लाल मण्याची टोपी दिली. व्यापाऱ्याला असा मान मिळणं ही त्या काळी फार मोठी गोष्ट. त्याच्या भरभराटीच्या दिवसांत, 1874 मध्ये, त्यानं हे औषधालय काढलं. बेजिंगमध्ये 1669 पासून चालत आलेलं थोंगरेन थांग होतंच. ‘उत्तरेत थोंगरेन, दक्षिणेत छिंग-यू’ अशी म्हणच पडली.

दर्शनी दालनात गल्ल्याच्या मागे छतापर्यंत कप्प्यांचं कपाट आहे. शेकडो छोटे खण. चिठ्ठी आली की औषध देणारा माणूस न बघता हात घालतो, बरोबर त्याच खणात. शेजारी तोलायचा काटा. त्याला आपल्यासारखी दोन पारडी नसतात. हातभरही नाही अशी एक बारीक दांडी, तिला बारीक ठिपक्यांच्या खुणा, एका टोकाला पितळी ताटली आणि दुसऱ्या बाजूला दोऱ्यानं लोंबणारं, सरकवता येणारं वजन. तो माणूस दांडी डोळ्यांच्या रेषेत धरायचा, श्वास रोखून. दांडी आडवी स्थिर झाली की मगच ताटली कागदावर रिकामी करायची. एका काढ्यात दहा-बारा जिनसा, आणि दर जिनसेला पुन्हा तेच.

तो काटा मी फार वेळ बघत राहिले. त्याला कारण आहे. माझं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगरात. आमच्याकडे हिरड्याची झाडं आहेत. उन्हाळ्यात अठळी धरायच्या आत कोवळा हिरडा झोडायचा, कातळावर वाळत घालायचा, वळवाचा पाऊस आला की धावत गोळा करायचा. वाळून काळा, सुरकुतलेला झाला की तो बाळहिरडा. मग पोतं डोक्यावर घेऊन आई बाजाराला जायची. तिथला एक व्यापारी काट्यात मारायचा. आईला ते कळायचं. घरी तिनं मापानं भरलेलं असायचं. पण दुसरीकडे विकायला जायचं कुठे? परत येताना ती काही बोलायची नाही.

हू छिंग-यू थांगमध्ये पाट्याच पाट्या आहेत. एक गिऱ्हाइकांकडे तोंड करून लटकते: माल खरा, भाव एकच, घासाघीस नाही. असल्या पाट्या आपल्याकडेही असतात. पण एक पाटी उलटी टांगलीय. तिचं तोंड दुकानाच्या आतल्या बाजूला, हिशेबनीस आणि कामगार बसतात तिकडे. गिऱ्हाइकाला ती दिसावी अशी योजनाच नाही. तिच्यावर दोन मोठी अक्षरं आहेत, ‘जिए छी’. फसवू नका.

1878 मध्ये ती हू श्वेयेननं स्वतः लिहिली. मोठ्या अक्षरांशेजारी बारीक मजकूर आहे. त्याचा भावार्थ असा, की कुठल्याच व्यापारात फसवणूक चालत नाही, पण औषधाचा धंदा जिवाशी जोडलेला आहे, तिथे तर ती मुळीच नको. हलका माल देऊन भरमसाट नफा मिळवणार नाही अशी मी शपथ घेतली आहे, तुम्हीही माझ्या मनानं वागा. खरेदी अस्सल असू दे, घडण बारकाईची असू दे. असं केलंत तर तुम्ही माझं भलं केलंत म्हणा किंवा स्वतःचं भलं केलंत म्हणा, दोन्ही खरंच.

खरेदी अस्सल! म्हणजे सचोटीची सुरुवात दारातल्या गिऱ्हाइकापासून होत नाही, माल येतो तिथून होते. हे वाचून मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

बारकाईच्या घडणीचा पुरावा काचेच्या पेटीत ठेवलाय. चांदीचं भांडं आणि सोन्याचं उलथनं. उलथन्याचं वजन 133 ग्रॅम. मोठ्या तापात झटके येतात त्यावरचं ‘जांभळं बर्फ’ नावाचं औषध घोटायला ते केलं. लोखंड-तांब्याच्या भांड्यात औषधाचा गुण बिघडतो, असं जुन्या कारागिरांचं म्हणणं होतं.

एका दालनाशी मात्र माझे पाय अडखळले. प्राणिज औषधांचे नमुने. हाडं, शिंगं, खवले. चीननं वाघाच्या हाडांच्या आणि गेंड्याच्या शिंगांच्या व्यापारावर 1993 मध्ये बंदी घातली, 2020 मध्ये खवले मांजराचे खवलेही औषधांच्या अधिकृत यादीतून काढले. पण कोकणात आजही हे मुकं जनावर खवल्यांसाठी मारलं जातं, आणि मागणी बहुतेक समुद्रापलीकडची असते. एवढ्या सुंदर वास्तूतही हे विसरता येत नाही, आणि विसरू नये.

हू श्वेयेनचा शेवट दुःखद झाला. परदेशी व्यापाऱ्यांशी टक्कर घ्यायला त्यानं प्रचंड कच्चं रेशीम साठवलं, भाव कोसळले, 1883 मध्ये पेढ्या बुडाल्या. दोन वर्षांत तो गेला. औषधालय मांचू अधिकारी वनयू याच्याकडे गेलं, पण नाव तेच राहिलं. पाटीही उतरवली नाही. 1988 मध्ये वास्तूला राष्ट्रीय संरक्षण मिळालं. आज तिथे संग्रहालय आहे आणि औषधविक्रीही चालू आहे.

निघताना गल्ल्यावर एका बरणीकडे लक्ष गेलं. काळी, सुरकुतलेली, लांबट फळं. दुभाषी मुलीनं नाव सांगितलं, ‘झांग छिंग-ग्वो’, तिबेटचं हिरवं फळ. घसा बसला की तोंडात धरतात. मी एक हातात घेऊन वास घेतला. श्रोतेहो, तो बाळहिरडा होता! पिकल्या हिरड्याला चिनी वैद्य फार पूर्वीपासून ‘हलील’ म्हणत आले. हिरड्याचं संस्कृत नाव ‘हरीतकी’, तेच वाटेत झिजत झिजत तिकडे पोचलं.

मी फोटो काढून आईला पाठवला. संध्याकाळी तिचा फोन आला. तिनं फोटो मोठा करून नीट पाहिला होता.

“वाळवलाय चांगला,” ती म्हणाली. “पाऊस लागू दिलेला नाही. भाव काय दिला त्यांनी झोडणाऱ्याला, विचारलंस का?”